किल्ली कोणाकडे असते? एरवाडीच्या दर्ग्याशेजारच्या आगीचं प्रकरण

मनोरुग्णांच्या घरोघरी जायच्या आमच्या कामात नवीन पोरं-पोरी आल्या की आजारांची नावं, गोळ्यांची नावं मी नंतर शिकवते, आधी एरवाडीबद्दल सांगते. बऱ्याच जणांनी नावच ऐकलेलं नसतं. २००१ साली त्यातली काही जन्मलेलीसुद्धा नव्हती, आणि तामिळनाडूच्या या एका टोकाच्या गावात साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले ते आपल्याकडे थोडे दिवस पेपरात आलं आणि मागे पडलं. पण मनोरुग्णाला साखळीने बांधायचं नाही असं आज देशाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे ना, त्या वाक्यामागे हे गाव आहे असं मी मानते, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. लांब होईल. पण थोडक्यात सांगितलं की लोक "दर्ग्यावाल्यांनी मारलं" किंवा "अंधश्रद्धा, दुसरं काय" असं म्हणून मोकळे होतात आणि प्रकरण तेवढं सरळ नाहीये.

गाव आणि दर्गा

एरवाडी रामनाथपुरम जिल्ह्यात येतं. रामेश्वर ज्या जिल्ह्यात आहे तोच हा जिल्हा, त्यामुळे काशी-रामेश्वर करून आलेल्या आपल्याकडच्या कितीतरी आजी-आजोबांनी हा मुलूख बसच्या नाहीतर रेल्वेच्या खिडकीतून बघितलेला असणार. समुद्र म्हणजे मन्नारचं आखात. किनारा म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर कोकण येतं, माड, पोफळी, धो धो पाऊस, तसलं इथे काही नाही, हा कोरडा भाग आहे, ताडाची झाडं, वेडी बाभूळ, आणि मासेमारी. जवळचं मोठं गाव किळक्करै.

गावाची ओळख म्हणजे दर्गा. सय्यद इब्राहिम शहीद बादशाह यांची मजार. परंपरा सांगते की ते १२व्या शतकात मदिनेहून धर्मप्रसारासाठी आले आणि इथल्या पांड्य राजाशी लढताना शहीद झाले. रामनाडच्या, म्हणजे रामनाथपुरमच्याच, सेतुपती राजांनी दर्ग्याला जमिनी इनाम दिल्या, त्यामागे राजाला मूल होत नव्हतं आणि इथल्या दुव्याने झालं अशी कथा तिथे सांगतात. हिंदू राजा, मुसलमान पीर, नवस आणि इनाम, हे आपल्याला नवं वाटू नये, आपल्याकडेही गावोगाव पीराच्या उरुसाला पहिला मान पाटलाचा असतो. वर्षातून एकदा संदनकूडु नावाचा मोठा उत्सव होतो, आपला संदलच तो, चंदन मिरवत आणून मजारीला लावायचं. तामिळनाडूतून येतात तसे केरळातूनही भरपूर लोक येतात, आणि त्यात हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन सगळे असतात.

या दर्ग्याची ख्याती मात्र एका खास गोष्टीसाठी, डोक्याच्या आजारासाठी. तिथलं पाणी आणि तिथे सतत जळणाऱ्या दिव्याचं तेल, यांनी वेड उतरतं अशी श्रद्धा. आणि बरं झाल्याचं कळणार कसं? तर स्वप्नात हुकूम येतो, आता घरी जा म्हणून. तो येईपर्यंत थांबायचं. कोणाला दोन महिन्यांत येतो, कोणाला कित्येक वर्षं येतच नाही.

हुकूम

या हुकुमावर मी बराच विचार केलाय, कारण सगळ्या प्रकरणाची गाठ मला इथे दिसते.

ज्याला आम्ही आज बायपोलर म्हणतो त्यातला मेनियाचा झटका, म्हणजे माणूस झोपत नाही, अखंड बोलतो, पैसे उधळतो, अंगावर धावून जातो, तो काहीही औषध न देतासुद्धा बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप उतरतो. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या धक्क्यानंतर अचानक आलेलं वेडसुद्धा पुष्कळदा काही आठवड्यांत निवळतं. म्हणजे असा माणूस दर्ग्यावर आणला, तीन महिने ठेवला, तर तो खरोखरच बरा होऊन घरी जाणार. गावात जाऊन सांगणार, मला बादशाहांनी बरं केलं. यात कोणी खोटं बोलत नाहीये! त्याच्या घरच्यांनी ते डोळ्याने बघितलंय. अशा एका माणसामागे दहा घरं आपापला पेशंट घेऊन निघतात.

पण स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भ्रम होणं हा आजार, तसा नाही. तो बहुतेकांच्या बाबतीत औषधाशिवाय वर्षानुवर्षं चालूच राहतो. या लोकांना हुकूम येत नाही. ते राहतात. आणि राहणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढत जाते, कारण जाणारे जातात आणि हे इथेच साचतात. घरचे सुरुवातीला सोबत थांबतात, मग शेतीची कामं येतात, लहान मुलं घरी असतात, पैसे संपतात, मग एक दिवस पेशंटला कोणाच्या तरी हवाली करून ते निघून जातात, महिन्याचे पैसे पाठवत राहू म्हणतात. काही पाठवतात. काही पाठवायचं बंद करतात, पत्ता बदलतात.

या "कोणाच्या तरी हवाली" मधूनच दर्ग्याभोवती मनोरुग्णांना ठेवायचे ते होम उभे राहिले. दर्ग्याने उभे केलेले नाहीत, खाजगी माणसांनी केले. आणि विशेष म्हणजे त्यातले बरेचसे चालवणारे स्वतःच कधीकाळी आपल्या नातेवाइकाला घेऊन आले होते. इथेच राहिले, बाकीच्यांच्या पेशंटला जेवण द्यायला लागले, मग खोपटं बांधलं, मग त्याचा धंदा झाला. सुरुवात दयेनेच झाली असेल असं मला वाटतं. पण चाळीस माणसं एका शेडमध्ये ठेवायची, त्यातले काही रात्रभर ओरडणारे, काही पळून जाणारे, आणि डॉक्टर नाही, नर्स नाही, औषध नाही, तर मग काय उरतं? रात्री जागं राहायला माणूस ठेवला तर त्याला दर महिन्याला पगार द्यावा लागतो, साखळी एकदाच विकत घ्यावी लागते.

दिवसा झाडांना जाड दोरांनी बांधायचे. रात्री खाटेला साखळीने. आणि वर छडीचा मार, अंगातलं बाहेरचं काढायचं म्हणून.

६ ऑगस्ट २००१

सोमवार होता. पहाटेची वेळ. मोईदीन बादशाह मेंटल होम नावाच्या शेडला आग लागली. आत ४५च्या आसपास माणसं होती. ताडाच्या झावळ्यांचं छप्पर, कोरडी हवा, ते पेटायला किती वेळ लागणार. ज्यांच्या साखळ्या जरा सैल होत्या ते निसटले. बाकीचे खाटेला बांधलेले. २५ जण तिथेच गेले, पुढे मृतांचा आकडा २८ झाला. मृतदेह ओळखू येत नव्हते.

मी स्वतः घरभेटीला गेल्यावर साखळी बघितलीये, त्याबद्दल खाली लिहिते, पण ती बघितल्यापासून मला या आगीचं एक वेगळंच चित्र दिसतं. आगीत सापडलेला माणूस धावतो, खिडकी शोधतो, जमिनीवर झोपतो, काहीतरी करतो. इथे त्यांना करण्यासारखं काहीच ठेवलेलं नव्हतं. गाव जागं झालं, मदतीला लोक धावले असं धरलं तरी एकेका पायाचं कुलूप काढायचं म्हणजे किल्ली हवी, आणि धुरात कोणती किल्ली कोणत्या कुलपाची ते कळायला हवं. वेड्या माणसाला आग कळत नाही असं कोणी म्हणालं तर मला फार राग येतो. आग सगळ्यांना कळते.

मग सगळे जागे झाले

बरोब्बर आठवड्याने, १३ ऑगस्टला, तामिळनाडू सरकारने एरवाडीतले या प्रकारचे सगळे होम बंद केले. ५००हून जास्त माणसं सरकारच्या ताब्यात आली. ५०० हा आकडा जरा थांबून वाचा. एका छोट्या गावात, एका रस्त्याच्या आसपास, ५०० मनोरुग्ण वर्षानुवर्षं राहत होते आणि हे काही लपूनछपून नव्हतं, झाडाला बांधलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता, भाविकांना, पोलिसांना, मतदान घ्यायला येणाऱ्यांना.

कायदा नव्हता असंही नाही. १९८७चा मानसिक आरोग्य कायदा होता, १९९३पासून लागू होता, आणि त्यात मनोरुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या जागेला लायसन्स लागतं असं लिहिलेलं होतं. पण हे होम नक्की काय होते? दवाखाना म्हणावा तर औषध नाही. लॉज म्हणावा तर माणूस मर्जीने बाहेर पडू शकत नाही. धर्मशाळा म्हणावी तर पैसे घेतात. आरोग्य खात्याने बघितलं तर हे श्रद्धेचं काम, आणि दर्ग्याच्या दृष्टीने ते आवाराच्या बाहेरचं. मधल्या फटीत ५०० माणसं.

चौकशीसाठी एन. रामदास यांचा आयोग नेमला गेला. त्याने सांगितलं ते आज वाचलं तर अगदी साधं वाटतं, लायसन्सशिवाय कोणी होम चालवू नये, सगळ्यांच्या साखळ्या काढाव्यात, उपचार सुधारावेत. होमचा मालक, त्याची बायको आणि दोन नातेवाईक यांना २००७ साली कोर्टाने सात-सात वर्षांची शिक्षा दिली.

सुप्रीम कोर्टाने तर बातम्या वाचून स्वतःहूनच दखल घेतली होती. त्या केसचं अधिकृत नावच "तामिळनाडूतील आश्रयगृहाच्या आगीत साखळीने बांधलेल्या २५ रुग्णांचा मृत्यू" अशा अर्थाचं आहे. नंतर गेलेल्या तिघांचा आकडा त्या नावात कधी आलाच नाही, अजूनही कायद्याच्या पुस्तकांत २५च लिहितात. ५ फेब्रुवारी २००२ला कोर्टाने सगळ्या राज्यांना आदेश दिले, आपापल्या राज्यात मानसिक उपचारांची सोय किती आहे, किती लागणार आहे ते मोजा, प्रत्येक राज्यात निदान एक सरकारी मनोरुग्णालय हवं, आणि गावागावात प्रचार करा की साखळीने बांधणं बेकायदेशीर आहे आणि मनोरुग्णाला डॉक्टरकडे न्यायचं असतं, मंदिरात किंवा दर्ग्यात नाही.

आदेश चांगलाच होता. पण शेवटच्या भागाशी माझं भांडण आहे.

डॉक्टरकडे न्या, पण कुठल्या?

आगीच्या वेळी तामिळनाडूत सरकारी मनोरुग्णालय एकच, चेन्नईचं किलपौक. १७९४ पासूनची जुनी संस्था. रामनाथपुरमपासून ती ५०० किलोमीटरच्या वर. मदुराई शंभरेक किलोमीटरवर, तिथल्या मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग होता, पण मच्छीमाराच्या घरातल्या बाईने भ्रमिष्ट झालेल्या, अंगावर धावून येणाऱ्या तरण्या पोराला घेऊन एवढ्या लांब बसने जायचं कसं, राहायचं कुठे, आणि पंधरा दिवसांनी परत फॉलोअपला कसं यायचं. कंडक्टरने बसमध्ये तरी घेतलं असतं का त्याला? दर्गा त्यांना घेत होता. दर्ग्यात कोणी हाकलत नव्हतं, कोणी नावं ठेवत नव्हतं, आणि आजूबाजूला आपल्यासारखीच शंभर घरं आपापलं माणूस घेऊन बसलेली होती. आजारापेक्षा गावाच्या नजरेने थकलेल्या घराला हे किती मोठं वाटत असेल ते घरभेटी केल्याशिवाय कळत नाही.

याला पुरावासुद्धा आहे. २००२ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तामिळनाडूतल्याच एका मंदिराचा अभ्यास आला होता. निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी त्या मंदिरात येऊन राहिलेल्या ३१ जणांना तपासलं होतं, आल्यावर आणि जाताना. सरासरी सहा आठवडे राहिले, काहीही औषध नाही, आणि लक्षणं मोजायच्या पट्टीवर जवळपास २० टक्के सुधारणा. लेखकांचं म्हणणं असं की आधार देणारं, न घाबरवणारं वातावरण, घरचं माणूस सोबत, मंदिरातली लहानमोठी कामं, याचाच तो परिणाम. त्याच राज्यात गुणशीलमच्या विष्णू मंदिरात मनोरुग्णांना ४८ दिवस ठेवायची जुनी प्रथा आहे. आणि पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दवर यांनी आपल्या महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर काम केलंय, तिथे येणाऱ्या लोकांना, खास करून बायकांना, तिथे काय मिळतं ते त्यांनी मांडलं होतं. म्हणजे देवाच्या जागी काहीतरी मिळतं हे खरं आहे. एरवाडीत माणसं मेली ती साखळीने, आणि साखळी आली ती औषध नसल्यामुळे आणि घरचं माणूस सोबत नसल्यामुळे. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत.

आगीनंतर बऱ्याच जणांना घरी पाठवलं, काहींना किलपौकला हलवलं. घरी पाठवलं म्हणजे काय? ज्या घराने थकून आणून सोडलं होतं त्याच घरी. त्यांच्यासाठी परिस्थितीत काय बदललं होतं? एवढंच की आता एरवाडीचा रस्ताही बंद.

दवा-दुवा

पुढची गोष्ट गुजरातमधून सुरू होते. मेहसाणा जिल्ह्यात उनावा गावात मीरा दातारचा दर्गा आहे, तोही असल्याच आजारांसाठी नावाजलेला, आपल्याकडचेही पुष्कळ लोक जातात. तिथे २००८ साली एका संस्थेने आणि गुजरात सरकारने मिळून दर्ग्याजवळच मानसोपचाराचा दवाखाना सुरू केला आणि त्याला नाव दिलं दवा-दुवा. मुजावरांना विरोधात न घेता सोबत घेतलं. लक्षणं कशी ओळखायची ते त्यांना शिकवलं. मुजावर दुवा करणार, आणि मग सांगणार, आता त्या खोलीत डॉक्टर बसलेत, त्यांनाही दाखवून घ्या.

हे किती हुशारीचं आहे बघा. ज्या माणसाने डॉक्टरच्या शंभर सल्ल्यांना भीक घातली नसती तो मुजावराच्या एका शब्दावर जातो. गोळीला दर्ग्याची परवानगी मिळते. आणि मुजावराचं काहीच कमी होत नाही, उलट माणूस बरा होऊन चादर चढवायला परत येतो.

हीच पद्धत पुढे तामिळनाडू सरकारने एरवाडीला नेली. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली दर्ग्याच्या आवारातच दवाखाना, डॉक्टर, सरकारी औषधं. ज्या दर्ग्यात पेशंट नेऊ नका असं कोर्टाने सांगितलं होतं तिथेच सरकारने डॉक्टर नेऊन बसवला. कोर्टाचा अवमान वगैरे काही नाही हा, माझ्या मते कोर्टाला जे हवं होतं ते असंच साध्य होण्यासारखं होतं. माणूस जिथे पोचतोच आहे तिथे औषध पोचवा.

मला माहितीये यावर आक्षेप आहेत. माझ्याच बरोबरचे काही जण म्हणतात की सरकारने असं करून भुताखेताला मान्यता दिली. मी त्यांचा आदर करते, महाराष्ट्रात या विषयावर माणसांनी जीव दिलाय, डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ला झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच काय आहे तर भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणं, मारहाण करणं. म्हणजे एरवाडीत जे चालायचं ते आज महाराष्ट्रात थेट गुन्हा आहे आणि तो तसाच असला पाहिजे, तिथे मी इंचभरही मागे येणार नाही. पण मारणं-बांधणं वेगळं आणि दुवा मागणं वेगळं. पहिल्याला पोलीस, दुसऱ्याच्या शेजारी डॉक्टर.

मानसिक आरोग्याचा देशाचा नवीन कायदा २०१७ चा. त्याच्या कलम ९५ मध्ये स्पष्ट आहे, मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधता येणार नाही. तरी जानेवारी २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात बदायूंच्या एका दर्ग्याजवळ साखळीत ठेवलेल्या माणसांचे फोटो सुप्रीम कोर्टासमोर आले आणि कोर्टाला परत तेच सांगावं लागलं. २०२०च्या ह्युमन राइट्स वॉचच्या अहवालात जवळपास ६० देशांत साखळीने बांधायची प्रथा सापडल्याचं लिहिलंय. आणि आपल्याकडे निमहान्सने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचारच न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. कायदा साखळीला मनाई करतो, पण साखळी काढल्यावर त्या रात्री घरात काय करायचं ते त्या घराला कोण सांगणार?

आमच्याकडची साखळी

ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही, सिंधुदुर्गातलं किनाऱ्यावरचं घर. मासे विकणारी काकी आणि तिचा तिशीतला मुलगा. गावातल्या आशा सेविकेने सांगितलं म्हणून आम्ही गेलो. मागच्या पडवीत तो बसलेला, डाव्या पायाला साखळी, दुसरं टोक खांबाला. कुत्र्याची नव्हे, होडीची, गंजलेली. आणि जिथे कडी घोट्याला घासते तिथे काकीने जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून सुईदोऱ्याने शिवून टाकलेली. स्वच्छ होती ती पट्टी. म्हणजे ती सोडून धुतली जात होती, परत शिवली जात होती.

मी पहिला प्रश्न विचारला तो एरवाडीमुळेच, किल्ली कोणाकडे असते?

"माझ्या कमरेक," काकी म्हणाली. "रातचो तो उठान दर्यार जाता गो बाय. एकदा गळ्याइतक्या पाण्यात गावलो. मी एकटी, निजलंय आणि तो गेलो तर? म्हणान बांधतंय."

आणि तू बाजारात गेलीस तेव्हा आग लागली तर, हे मी विचारलं नाही. विचारणार होते. पट्टीकडे बघून तोंडातून शब्द फुटला नाही. त्याऐवजी विचारलं, तो झोपला रात्रभर तर बांधशील? ती म्हणाली, "तो निजलो तर मी कित्याक बांधू?"

तिथून आमचं काम सुरू झालं. तालुक्याच्या शिबिरात यायला त्याला जमणार नव्हतं म्हणून पहिल्यांदा डॉक्टर घरी आले. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, रात्रीच्या गोळ्या, आणि गोळी थुंकतो म्हणून महिन्याला एक इंजेक्शन. पहिला आठवडा काकीने कुलूप काढलं नाही आणि आम्हीही जबरदस्ती केली नाही, फक्त किल्लीची दुसरी प्रत शेजारच्या वहिनीकडे ठेवायला लावली. दुसऱ्या आठवड्यात तो सलग सहा तास झोपला. तिसऱ्या आठवड्यात दिवसा सोडलं. रात्रीची साखळी सुटायला दोन महिने गेले. कायद्याच्या भाषेत हे दोन महिने चुकीचे आहेत, मला मान्य आहे, आणि ते कमी कसे करायचे यावर आम्ही अजून झगडतो, कारण पहिल्या काही दिवसांसाठी ॲडमिट करायला सगळ्यात जवळची सरकारी जागा म्हणजे रत्नागिरीचं मनोरुग्णालय, आणि काकीला मासे सोडून तिथे राहणं परवडत नव्हतं. राज्यात अशी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि हे रत्नागिरीचं. तामिळनाडूत तेव्हा एक होतं. चार म्हणजे बरंच बरं, पण पडवीतून बघितलं तर रत्नागिरीही लांबच.

आता तो सकाळी जाळी विणायला बसतो. बोलतो कमी. आवाज अजून येतात असं सांगतो, पण "लांबसून येतत" म्हणतो.

गेल्या महिन्यात काकी इंजेक्शनच्या दिवशी त्याला घेऊन आली तेव्हा घुटमळत होती. मग म्हणाली, बाय, तो आजारी पडलो तेव्हा पीराक नवस केललो, आता उरसाक जावक व्हया, चादर घालूक व्हयी. दोन राती थय ऱ्हवचा लागतला. डॉक्टर रागवतीत?

मी म्हटलं, कोण रागावणार, जा की. त्यालाही ने. फक्त दोन रात्रींच्या गोळ्या मोजून पिशवीत घाल, चादरीच्या वरच ठेव म्हणजे राहणार नाहीत, आणि रात्री नऊला देत जा, कव्वाली चालू असली तरी.